आमच्या अक्षरांचा कारभार यंत्राच्या हाती

सीमाभागातला मराठी माणूस अक्षरांच्या बाबतीत फार जागरूक, असा आपला लौकिक आहे. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, कोणती ठळक आणि कोणती बारीक, याची चर्चा आपल्याकडे चहाच्या गाड्यापासून संमेलनाच्या मांडवापर्यंत चालते. पाटीवरचे अक्षर बदलले की दुसऱ्या दिवशी पत्रक निघते. पण त्याच माणसाच्या संस्थेच्या कपाटात, जुन्या सीडीत आणि संगणकात गेल्या तीस-पस्तीस वर्षांचे जे मराठी लिखाण साठले आहे, त्यातली अक्षरे कोण बदलतो, हे विचारायला कोणाला उसंत नाही. ती बदलणारा कोणी सरकारी अंमलदार नाही. आपल्याच टेबलावरचे ऑफिस सॉफ्टवेअर ती बदलते. ते आपल्याला विचारत नाही, बदलल्यावर सांगत नाही, आणि आपणही तक्रार करत नाही.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मराठी कोणत्या फाँटात ठेवायची आणि कोणत्या फाँटात दाखवायची, ही निवड आपण केली नाही तर यंत्र करते, आणि यंत्राला मराठी ठाऊक नसते. जे तोट्यात जाते ते आपले लिखाण असते. तेव्हा ही निवड आपण आपल्या हाती घ्यावी, आणि तीही या वर्षी घ्यावी.

‘हा विषय डीटीपीवाल्यांचा, साहित्याच्या अंकात त्याचे काय काम?’ असे काही वाचक म्हणतील. खिळ्यांच्या काळात असे कोणी म्हटले नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या टाइपाबद्दल आपले पंडित अभिमानाने बोलत आले, कारण अक्षराचा घाट हाही ग्रंथाचाच भाग असतो हे त्यांना कळत होते. खिळे शिशाचे होते तोवर हाताला लागत होते. आता ते दिसेनासे झाले म्हणून त्यांची चौकशीच सोडून देणे, याला अडाणीपणा म्हणतात.

१. नाव एकाचे, अक्षर दुसऱ्याचे

प्रथम एक साधी गोष्ट. आपण वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये मजकूर लिहितो तेव्हा फाइलीत अक्षरांचे आकार जात नाहीत. अक्षरांचे क्रमांक जातात आणि त्यांच्याबरोबर फाँटचे नाव जाते. नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव असते, नट नसतो, तसे हे आहे. फाइल दुसऱ्या गावी दुसऱ्या संगणकावर उघडली की सॉफ्टवेअर त्या नावाचा फाँट शोधते. तो नसेल तर बदली नट उभा करते.

नाटक कंपनी निदान पडदा उघडण्यापूर्वी तशी घोषणा करते. वर्डमध्ये गंमत अशी की फाँट नसला तरी वरच्या चौकटीत नाव मूळ फाँटचेच दिसत राहते. खाली अक्षर भलत्याचे, वर नाव जुन्याचे! कोणाच्या जागी कोणाला उभे केले हे पाहायचे तर पर्यायांच्या पडद्यात खोल जाऊन ‘फाँट सब्स्टिट्यूशन’ हे बटण शोधावे लागते. लिब्रेऑफिस नसलेल्या फाँटचे नाव तिरक्या अक्षरात दाखवते. एवढे सौजन्य तरी तिथे आहे. पण तिरक्या अक्षराचा अर्थ आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

लिनक्सवर हा कारभार फाँटकॉन्फिग नावाची व्यवस्था पाहते. आधी कुळाचे नाव, मग भाषा, मग तिरकेपणा आणि जाडी, आणि सगळ्यांत बरोबरी झाली तर फाँटच्या आवृत्तीचा आकडा, अशा पायऱ्यांनी ती निवड करते. हे नियम लिहून ठेवलेले आहेत आणि वाटल्यास बदलता येतात. निवडीचा नियम वाचायला मिळणे ही काही मेहेरबानी नव्हे. प्रत्येक सॉफ्टवेअरने ते दाखवायला हवेत. आपल्याला मात्र फाँट हा शर्टाच्या रंगासारखा वाटतो. रंग बदलला तरी माणूस तोच, अशी आपली समजूत. मराठीपुरती ही समजूत साफ खोटी आहे, आणि ती का खोटी हे कळायला जगातली एक जुनी लढाई थोडक्यात पाहिली पाहिजे.

२. वळणांची लढाई

अडोबी कंपनीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही छपाईयंत्राची भाषा आणली आणि तिच्याबरोबर टाइप-१ जातीचे फाँट आणले. एका फाइलीत अक्षरांचे आकार आणि दुसरीत त्यांची मापे, अशी ही जोडी. या फाँटांतली काही कलाकुसर अडोबीने गुप्त ठेवली होती. ती भीड मोडण्यासाठी ॲपलने ट्रूटाइप ही जात काढली आणि मायक्रोसॉफ्टला वापरू दिली. १९९१ साली ती ॲपलच्या यंत्रांवर आली आणि १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर घरोघर गेली. दरम्यान १९९० साली अडोबीला आपली गुपिते छापून उघड करावी लागली. दोन्ही जातींत फरक होता तो वळणे काढण्याच्या गणिताचा. एक जात तिसऱ्या घाताच्या समीकरणाने वळण काढी, दुसरी दुसऱ्या घाताच्या. अखेर १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ओपनटाइप जाहीर केला. त्यात दोन्ही प्रकारची वळणे चालतात आणि एका फाँटात अनेक लिप्या, जोडाक्षरांचे नियम आणि भाषांच्या खुणा ठेवता येतात.

या लढाईत ऑफिस सॉफ्टवेअरने पंचाची भूमिका कधीच घेतली नाही. ज्याच्या घरचे त्याच्या बाजूचे, असाच सगळा व्यवहार. ओपनटाइपमधली पोस्टस्क्रिप्टी वळणे ओपनऑफिसने २०१० सालच्या ३.२ या आवृत्तीपर्यंत घेतली नाहीत. फाँट बसवलेला असे, पण यादीत दिसत नसे. पुढे टाइप-१ ला एकेकाने घराबाहेर काढले. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१३ पासून, लिब्रेऑफिसने २०१७ सालच्या ५.३ पासून, आणि ज्या अडोबीने ही जात जन्माला घातली तिनेही जानेवारी २०२३ पासून. म्हणजे पैसे मोजून घेतलेला आणि कालपर्यंत चालणारा फाँट आज सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

इंग्रजीला याची झळ कितपत बसली? मामुली. एका जातीचा फाँट गेला, त्याच नावाचा दुसऱ्या जातीचा आला. ओळी थोड्या हलल्या, पानाचा शेवट पुढेमागे झाला. इंग्रजीचा ‘ए’ टाइप-१ मध्ये ‘ए’ होता, ट्रूटाइपमध्ये ‘ए’ होता आणि ओपनटाइपमध्येही ‘ए’च राहिला. त्याच्या क्रमांकाला कोणी हात लावला नाही.

आमचे दुःख नेमके इथे सुरू होते.

३. आपली खरी फाळणी

संगणकावर देवनागरी आणताना आपल्याकडे प्रमाण ठरलेच नव्हते, असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावर बेतलेली होती. पण छापखान्याच्या बाजारात चलती झाली ती वेगळ्याच नाण्याची. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती आणि आणखी कितीतरी फाँटमालांनी इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा ‘म’ एका इंग्रजी अक्षराच्या जागी, काना दुसऱ्याच्या, रफार एखाद्या विरामचिन्हाच्या. आणि प्रत्येकाची आसनव्यवस्था निराळी! एकाच्या फाइलीला दुसऱ्याचा फाँट लावला की मराठीचेच मराठीला कळेनासे होते.

त्या काळात दुसरा इलाज नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पेजमेकरला देवनागरी ठाऊक नव्हती. विंडोजलाही ती कळू लागली विंडोज २००० पासून, प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फाँटसह. त्याआधीची सारी मराठी डीटीपी या युक्तीवरच उभी राहिली आणि छोट्या गावांतली नियतकालिके तिच्यामुळेच तगली. या फाँटांचे उपकार मी नाकारत नाही. अडचणीतली युक्ती पंचवीस वर्षांनंतरही घरचा कायदा म्हणून चालू राहावी, याला माझा विरोध आहे.

कारण या युक्तीचा अर्थ असा की ऑफिस सॉफ्टवेअरच्या लेखी ती फाइल मराठी नाहीच. ती इंग्रजी आहे. शिवाजी आणि मंगल या दोघांच्याही फाइलींचे आडनाव ‘टीटीएफ’ हेच असते, म्हणून ती दोघे एका जातीची असे आपण समजतो. बाहेरचे आडनाव एक, आतला धर्म वेगळा. वळणे कोणत्या घाताची हे सॉफ्टवेअर ओळखते. क्रमांक कोणत्या भाषेचे आहेत हे त्याला या जुन्या फाइलीत ओळखताच येत नाही. म्हणून ते इंग्रजीचे सगळे संस्कार तुमच्या मराठीवर करते. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करते, म्हणजे ‘क’ लिहिलेला भलताच काही होतो. अवतरणचिन्हे गोलाकार करते, की एखादी वेलांटी नाहीशी होते. सभासदांची यादी अकारविल्हे लावायला सांगा. ती इंग्रजी क्रमाने लागते. एखादे आडनाव शोधा, सापडत नाही. आणि मूळ फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की नियमानुसार बदली नट येतो, तो अर्थातच इंग्रजी. मग अख्ख्या पानावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी. लोक म्हणतात, फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मुळात काय होते ते पहिल्यांदा उघडे पडलेले असते.

गोव्यातल्या वाचकांना इथे एक जुनी आठवण होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत, ही त्या काळाची अगतिकता होती. पण स्टीफन्स यांनी रोमन उघड छापले. वाचणाऱ्याला रोमन दिसे आणि त्यातून तो मराठी वाचू शके. चारशे वर्षांनंतर आपण मराठी रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवरच बसवतो, वर देवनागरीचा मुखवटा चढवतो, आणि मुखवटा गळाला की खालचे रोमन कोणालाच वाचता येत नाही. प्रगती यालाच म्हणायचे का?

दुभाषिक जिल्ह्यात तर हा घोटाळा दुप्पट होतो. कन्नडातही तीच युक्ती वापरली गेली. नुडी आणि बरह यांचे जुने फाँट इंग्रजी खुर्च्यांवरच कन्नड तुकडे बसवत. आता शाळेची एखादी जुनी सूचना घ्या: वर कन्नड, खाली मराठी. आपल्याला दोन लिप्या दिसतात. सॉफ्टवेअरला दोन्हीकडे इंग्रजीच दिसते. कोणी सगळा मजकूर निवडून एकच फाँट लावला की मराठीच्या जागी निरर्थक कन्नड उमटते, किंवा कन्नडच्या जागी निरर्थक मराठी. ज्या दोन भाषांची शेजारधर्माने जपणूक करायची, त्या एकाच भाड्याच्या खोलीत पाळीपाळीने राहणाऱ्या झाल्या. आणि खोलीचा मालक तिसराच.

युनिकोडने ही खोली मोडली. देवनागरीला स्वतःचे एकशे अठ्ठावीस क्रमांकांचे घर दिले, कन्नडला तितकेच दुसरे. त्या घरात लिहिलेला ‘क’ कोणताही फाँट आला-गेला तरी ‘क’च राहतो. फाँट नसला तर फार तर चौकोन दिसतील. पण आतला क्रमांक शाबूत असतो आणि फाँट मिळाला की अक्षर परत येते. सीमाभागातल्या माणसाला याहून मोलाचे काही संगणकाकडून मिळालेले नाही, असे मी म्हणेन. आणि नेमके तेच आपण वापरायला तयार नाही.

४. युनिकोडच्या घरातही डोळे उघडे हवेत

युनिकोड आला म्हणून सॉफ्टवेअरची मनमानी संपली, असेही नाही. ऑफिस सॉफ्टवेअर जगातल्या लिप्यांचे तीन कप्पे करते. लिब्रेऑफिसमध्ये त्यांची नावे अशी: पाश्चात्त्य, आशियाई आणि संकुल. आशियाई म्हणजे चिनी, जपानी आणि कोरियन. मराठी, कन्नड, हिंदी संकुलात. बेळगाव, पणजी आणि इंदूर आशिया खंडात नाहीत, हे आपल्याला या सॉफ्टवेअरमुळे समजले! वर्डमध्येही आपल्यासाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ हा निराळा कप्पा आहे. प्रत्येक कप्प्याचा फाँट वेगळा नोंदला जातो. म्हणून पुष्कळदा आपण मराठी मजकुरासाठी फाँट निवडतो आणि मराठी जशीच्या तशी राहते, कारण बदललेला असतो तो पाश्चात्त्य कप्प्याचा फाँट.

या तिसऱ्या कप्प्यात मराठी आणि कन्नड यांना फाँटचे एकच नाव मिळते. तिथे ‘मंगल’ लिहिले तर मंगलमध्ये कन्नड नाही. कन्नडसाठी सॉफ्टवेअर स्वतःच्या मर्जीने दुसरा फाँट आणते. दोघांची उंची जुळत नाही. एक भाषा ठसठशीत, दुसरी किरटी दिसते. मग आपल्याच सभेत कुजबुज सुरू होते की सूचना काढणाऱ्याने मुद्दाम असे केले. कोणी मुद्दाम केलेले नसते. निवड यंत्राची असते, आणि राग माणसांवर निघतो.

शिवाय कप्प्यातला ठरावीक फाँटही कंपनी बदलते. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी ‘निर्मला यूआय’ आला. विंडोज १० पासून मंगल हा मागून घ्यायच्या पुरवणीत गेला. मंगलमध्ये बांधलेली पाने नव्या यंत्रावर दुसऱ्याच फाँटात उघडू लागली. मजकूर वाचला, कारण तो युनिकोडमध्ये होता. पण पानांचे आकडे आणि अनुक्रमणिका यांचा मेळ गेला. घरचा नियम नसेल तर दुसऱ्याच्या घरातल्या बदलाचे धक्के आपल्याला बसतात, ते असे.

याहून सूक्ष्म गोष्ट मराठीपणाची आहे. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे हिंदीच्या वळणाहून वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेची आणि अक्षरांच्या वळणांची निश्चिती केली, २०२२ साली ती सुधारून पुन्हा काढली. ओपनटाइप फाँटात ही दोन्ही वळणे एकत्र ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तर मराठी वळण निवडता येते. पण काही सॉफ्टवेअर ही खूण वाचते, काही तिच्याकडे बघतही नाही. टिरो नावाच्या संचात हिंदी, मराठी आणि संस्कृत यांच्यासाठी तीन वेगवेगळे फाँट निघाले, यावरून काय ते समजावे. आणि ज्या सॉफ्टवेअरला खूण वाचता येते, तिथे आपण मजकुराची भाषा काय नोंदवतो? पुष्कळदा हिंदी, कारण कळफलक बसवताना ते नाव आधी दिसले. मग सॉफ्टवेअर हिंदीचा ‘ल’ देते. त्याचा दोष काय? आपणच त्याला सांगितले की ही हिंदी आहे. गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तर ही नोंद डोळ्यांत तेल घालून केली पाहिजे. लिपी एक असली तरी भाषेची खूण वेगळी आहे.

‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक शाळेत आपल्याला शिकवलेला आहे. स्वयंपाक्याचे आमंत्रण गुरुजींना जाऊ नये, म्हणून मराठीने तो अर्धचंद्राकृती ‘र’ जपला. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये मजकूर नेणारी जी साधने हिंदीसाठी बनली आहेत, त्यांना हा फरक कळेलच असे नाही. ते तपासायचे कोणी? ज्याला दऱ्या आणि दर्या यांतला भेद कळतो त्याने. म्हणजे आपण.

५. तीन सबबी

पहिली सबब: ‘आमच्याकडं बरोबर दिसतंय की!’ हे वाक्य सीमाभागातल्या प्रत्येक डीटीपी केंद्रात ऐकू येते. बरोबर दिसते, कारण तुमच्या यंत्रात तो फाँट आहे. प्रश्न तुमच्या यंत्राचा नाही. तुमचे यंत्र भंगारात जाईल तेव्हाचा आहे. पीडीएफ करून ठेवली आहे, असे उत्तर येते. पीडीएफमध्ये फाँट गुंफलेला असतो, म्हणून ती सुंदर दिसते हे खरे. पण जुन्या फाँटातल्या पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवा. खालची इंग्रजी खिचडी बाहेर येते. तिच्यात शब्द शोधता येत नाही, तिची सूची करता येत नाही, अंध वाचकाला ती वाचून दाखवता येत नाही. फोटोतला माणूस बोलत नाही, तशी ही मराठी.

दुसरी सबब सौंदर्याची: ‘युनिकोडात चांगले फाँट नाहीत.’ पंधरा वर्षांपूर्वी यात तथ्य होते. अडोबीच्या इनडिझाइनलाही भारतीय लिप्या नीट कळू लागल्या त्या २०१२ च्या आवृत्तीपासून. आज ही सबब चालणार नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, नोटो आहे. हे सारे विनामूल्य मिळतात. जुन्या फाँटांची चोरीची प्रत वापरणाऱ्याने तरी पैशाचे कारण सांगू नये.

तिसरी सबब सर्वांत नामी: ‘सरकारने काहीतरी करायला पाहिजे.’ सरकारने केले आहे. केंद्राने २००९ सालीच ई-प्रशासनासाठी युनिकोड हे अक्षरसंकेताचे आणि ओपन फाँट फॉरमॅट हे फाँटचे प्रमाण म्हणून जाहीर केले. हा फॉरमॅट म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप घेतलेला ओपनटाइपच. प्रमाण आहे, साधने आहेत, फाँट आहेत. अडले आहे ते आपल्या अंगणात. प्रत्येक वेळी शासनाकडे बोट दाखवण्याची आपली सवय इथे उपयोगी पडणार नाही.

मात्र या तीन सबबींमुळे सॉफ्टवेअर कंपन्या सुटतात असे नाही. फाँट सापडला नाही तर स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढी साधी मागणी ग्राहकाने का करू नये? ‘या कागदातला अमुक फाँट नाही, त्याऐवजी तमुक वापरत आहे’ असे एक वाक्य दाखवायला काय खर्च येतो? भाषांतर केलेल्या मराठी बटणांपेक्षा त्या एका वाक्याने मराठीची सेवा अधिक झाली असती. आणि फाँट विकणाऱ्यांनी आपापली आसनव्यवस्था उघड करावी. आमचे लिखाण त्यांच्या कुलपात आहे. कुलूप त्यांचे असेल. ऐवज आमचा आहे.

६. तर मग करायचे काय?

नुसता त्रागा करून दिवाळी अंकाची पाने भरणे सोपे आहे. म्हणून जे आजच होण्यासारखे आहे तेवढे सांगतो.

पहिले: यापुढे संस्थेचे कोणतेही मराठी लिखाण, इतिवृत्त असो की कथा, युनिकोडमध्येच स्वीकारावे आणि युनिकोडमध्येच जपावे. छापखान्याशी ठरवतानाच सांगावे की अंक छापून झाल्यावर पीडीएफबरोबर युनिकोडमधला मजकूरही आम्हांला हवा. पैसे आपण देतो. मजकूरही आपला आहे. हे सांगायला संकोच कशाचा?

दुसरे: जुन्या फाइली आहेत त्यांच्याजवळ त्यांचा फाँट ठेवावा आणि कोणत्या फाइलीला कोणता फाँट याची यादी कागदावर करावी. फाँट हरवला तर रूपांतरही अशक्यप्राय होते. मग वर्षाला एक-दोन अंक या हिशेबाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करावे. निवृत्त शिक्षकांची आपल्याकडे वाण नाही. ज्यांनी आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ तपासले त्यांच्याहून योग्य माणसे या कामाला कुठून मिळणार?

तिसरे: ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या कप्प्याचा फाँट आणि मजकुराची भाषा या दोन गोष्टी स्वतः ठरवाव्यात. दुभाषिक कागदात कन्नडसाठी एक आणि मराठीसाठी एक अशा दोन निरनिराळ्या शैली करून प्रत्येकीला तिचा फाँट द्यावा, किंवा दोन्ही लिप्या असलेला एकच फाँट घ्यावा. दोन्ही भाषा सारख्या उंचीने दिसतील आणि कुजबूज थांबेल. फाइल परगावी पाठवायची असेल तर फाँट फाइलीत गुंफून पाठवावा. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत ती सोय आहे, फाँटच्या परवान्यात मुभा असली म्हणजे झाले.

यातले एकही काम संगणकतज्ज्ञाचे नाही. ग्रंथपालाचे आहे, संपादकाचे आहे, शाळेच्या कारकुनाचे आहे आणि घरात आजोबांच्या कविता टाइप करून ठेवणाऱ्या नातवाचे आहे.

महाराष्ट्रातल्या मराठीचे एखादे पुस्तक हरवले तर दुसऱ्या कुठल्या तरी ग्रंथालयात ते सापडण्याची आशा असते. बेळगाव-खानापूरचा एखादा अंक, गोव्यातल्या मंडळाची स्मरणिका, बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या मराठी संस्थेचा अहवाल यांच्या प्रती मुळात शे-दोनशे. त्या गेल्या की आपण इथे होतो, लिहीत होतो, याचा पुरावाच जातो. वाळवीने खाल्लेली बखर निदान अर्धी तरी वाचता येते. नव्वदच्या दशकातल्या फाइली वाळवीविना नाहीशा होत आहेत, आणि आपण त्यांच्यावर ‘सुरक्षित’ अशी चिठ्ठी लावून बसलो आहोत.

पाटीवरच्या अक्षरासाठी भांडणाऱ्या माणसाने कपाटातल्या अक्षरासाठी एक रविवार द्यावा. फाइल उघडावी, फाँटचे नाव वाचावे, एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवून पाहावी. मराठी राहिली तर उत्तम. इंग्रजी खिचडी निघाली तर पुढच्या रविवारीही बसावे लागेल, आणि एकट्याने नव्हे.